दोन भुंगेरे आणि एक शाल

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य प्रतापराव, व्यासपीठावरील पाहुणे, सहकारी बंधुभगिनींनो, आणि दाराशी उभे असलेले आमच्या प्रयोगशाळेचे सेवक अंबाजी... अंबाजी, आत या हो. ही कॉम्प्युटरची खोली नाही, चपला काढायला नकोत.

बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं म्हणून आपण मला शाल पांघरलीत, गोड बोललात. आभारी आहे. पण मास्तरकीची खोड जात नाही, तेव्हा शेवटचा तास दोन भुंगेऱ्यांवर घेते.

पहिला शेणकिडा. उघड्यावर राहतो, शेण खातो. मुसी नदीच्या काठी म्हशींच्या मागे फिरून मी आणि अंबाजींनी असे शेकडो जमवले. मुलं नाक दाबून हसायची. पण हा बापडा शेणाची गोळी मातीत पुरतो, त्यावर त्याची पिल्लं वाढतात आणि जमीनही सुधारते.

दुसरा तिळाएवढा, ठिपक्याठिपक्यांचा, दिसायला देखणा. बंद पेट्यांत शिरतो. त्याच्या अळीला ताजं काही नको. वाळलेले किडे खाते, लोकर खाते. त्याला लांब ठेवायला काय लागतं? डांबरगोळ्या, आणि त्या वेळेवर बदलणारा माणूस.

शहाण्णव साली प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आले, एसी आला. जमवलेल्या किड्यांच्या आमच्या चाळीस पेट्या शेजारच्या अडगळीत गेल्या. "दोनच महिने, मॅडम," असं प्रतापराव म्हणाले होते. दोन वर्षं झाली. मग गोळ्यांचा वास थंड खोलीत येतो अशी तक्रार झाली. अंबाजी माझ्याकडे आले, "मॅडम, गोळ्या नक्को डालो बोले साब, बास आती कते. अब कैसा करना?"

मी काय केलं? काही नाही. माझ्या मुलाला, तेजसला, इथल्याच कॉम्प्युटर कोर्सला प्रवेश हवा होता, आणि तो प्रतापरावांच्या हाती होता. अंबाजी पुन्हा विचारायला आले, तेव्हा मी त्यांच्यावरच चिडले.

गेल्या महिन्यात पेट्या उघडल्या. टाचण्या उभ्या होत्या आणि खाली नुसता भुसा. 'मुसी, १९७१' अशा चिठ्ठ्या तेवढ्या शाबूत. अंबाजी भिंतीकडे तोंड करून रडले. मला रडायलाही तोंड नव्हतं.

प्रतापराव सर, मान खाली घालू नका. किड्याने आपलं पोट भरलं. दोष तुमचा आहे, आणि त्याहून जास्त माझा.

आयोजकांचे आभार. आनंदाच्या प्रसंगी कडू बोलले, वय झालं म्हणून पोटात घाला. आणि अंबाजी, ही शाल तुम्ही न्या. अस्सल लोकरीची आहे. तुम्ही जपाल. माझ्याच्याने जपणं झालं नाही.