एका ओळीतले दोन दिवस

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे विभागप्रमुख प्रोफेसर वॉरिक शिर्मर, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या तंत्रज्ञ आणि सत्कारमूर्ती ग्लेनिस ट्रेझाइझ, मुनटाहून आलेले त्यांचे कुटुंबीय आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

आज बारा डिसेंबर. गेली तीन वर्षं मी विभागाच्या एकाही समारंभात बोलले नाही. बोलायला सांगितलं की माझा घसा दुखायचा. त्या मौनाबद्दल आधी क्षमा मागते. घसा ठणठणीत होता.

ग्लेनिसनं एकतीस वर्षं आमचे लेसर गार ठेवले. द्रवरूप नायट्रोजननं स्फटिक उणे एकशे शहाण्णव अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा आणि मग त्यावर डायोडचा प्रकाश सोडायचा. गार स्फटिकातून उष्णता चटकन निघून जाते, म्हणून अवरक्त किरण जोमदार निघतो आणि फाकत नाही. असं आपण शोधनिबंधात लिहितो. पण स्फटिक आणि तांब्याची बैठक यांच्यामध्ये इंडियम या मऊ धातूचा पातळ पत्रा कोण बसवतं? गार व्हायला चार तास लागायचे आणि मी दर दहा मिनिटांनी आकडा बघायला जायचे. ग्लेनिस म्हणायची, “मार्नी, स्फटिकाला घाई नाहीये गं. तुला असेल तर चहा टाक.”

आता आपल्या विभागाच्या, तीन वर्षांपूर्वीच्या त्या गाजलेल्या निबंधाबद्दल. किरण किती नेटका आहे, ते एका आकड्यानं मोजतात. एक म्हणजे उत्तम, वर जाईल तसा वाईट. मंगळवारी कमी शक्तीवर तो आकडा १.१ आला. गुरुवारी पूर्ण शक्ती लावली. कार्यक्षमता साठ टक्क्यांवर गेली आणि किरण बिघडला, २.३. आपण छापलं काय? साठ टक्के आणि १.१. एकाच ओळीत, जणू दोन्ही एकाच क्षणी मिळाले!

छापण्याआधी ग्लेनिस वही घेऊन सरांकडे गेली होती. मी दारातच उभी होते.

“अरे वॉरिक, हे दोन वेगळे दिवस आहेत.”

“ग्लेनिस, तू नळ्या बघ. भौतिकी आम्ही बघतो.”

“मग माझं नाव काढ त्यावरून.”

काढलं. लगेच.

हो सर, टेबलावरच्या खायच्या पॅस्टी गार होतायत, दिसतंय मला. होऊ द्या.

पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं पत्र पाठवलं: आम्हाला साठ टक्क्यांवर १.१ काही केल्या मिळत नाही, तुम्हाला कसा मिळाला? सरांनी उत्तर दिलं की आम्हालाही पुन्हा मिळाला नाही, आमच्या तंत्रज्ञांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही, पत्रा नीट बसत नाही. त्या उत्तराची प्रत मला आली होती. मी वाचली आणि फाइलला लावली. एकतीस वर्षांचा हात! आणि आज त्याच निबंधाचं पहिलं पान, तिचं नाव नसलेलं, चौकटीत घालून आपण तिला भेट दिलं. कोणाला सुचलं हे? ग्लेनिस म्हणाली, “छान. बाहेरच्या संडासात एक खिळा रिकामा आहे.” तुम्ही हसलात. मीही हसले.

पण ती ओळ टाइप कोणी केली? मी. त्या वर्षी माझी बढती होती. घाबरले होते, असं मी स्वतःला सांगत आले. पण खरंच भीती होती, की ती ओळ मलाही देखणी वाटली होती? अजून ठरवता येत नाही. म्हणून माझा राग फक्त सरांवर काढून मोकळं होणं मला परवडणार नाही.

ग्लेनिस, मंगळवारी आणि गुरुवारी पत्रा तोच होता, आणि नीट बसला होता. मी बैठक उघडून पाहिली होती. सगळ्यांसमोर सांगते.

संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली, मी जास्त घेतली, त्यांचे आभार. माझ्या बोलण्यानं कोणाची संध्याकाळ बिघडली असेल तर त्यांनी ते पोटात घालावं. शिर्मर सरांना मात्र मी ही विनंती करत नाही.

कागदाच्या तळाशी उद्याचं एकच काम लिहिलंय, तेवढं वाचून बसते. शनिवार: नियतकालिकाच्या संपादकांना पत्र, साठ टक्क्यांसमोरचा १.१ खोडून २.३ करावा.