सकाळचे पेशंट

बीडच्या एका दवाखान्यात सुकन्या आपल्या सासऱ्यांसोबत, मुंजाजींसोबत, त्यांच्या रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसली होती. शेजारच्या खोलीत दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारे अंगद आणि तेजश्री बोलत होते. दार उघडंच होतं.

"सर, एक मशीन बंद पडलं तर त्यातला व्हर्च्युअल सर्व्हर दुसऱ्यावर चालू होतो म्हणलता की."

"झाला असता. पण दोन्ही मशीनच्या नोंदी एकाच डिस्कवर हायत, तेजश्री. तीच गेली."

"अन् बॅकअप?"

"कालचा हाय. त्याच्यावरनं सर्व्हर उभा केलाय आता."

"म्हंजी समदं परत आलं."

"कालपर्यंतचं आलं. आज सकाळचे पेशंट न्हाईत त्यात."

"बाहेर लई लोक बसलेत, सर."

"बघितलं."

"त्यांना कोण सांगायचं?"

"मीच सांगतो."

अंगद डोळे चोळत बाहेर आला.

"ताई, तुमचं रक्त सकाळी घेतलं का?"

"मामांचं घेतलंय. सिरसाळ्याहून आलोत आमी. कावून, काय झालं?"

"नोंदी गेल्या. कोणती बाटली कुणाची, ते कळंना. रक्त परत द्यावं लागल."

सुकन्या काही बोलायच्या आत मुंजाजींनी बाही वर सारली.

"ह्या हाताचं घ्या," ते म्हणाले. "त्यो दुखतोय अजून."