तांदळात लिहिलेलं नाव

या, अशा जवळ सरका. एका माउलीची गोष्ट सांगतो. जपानमधल्या एदोगावा भागातल्या दवाखान्यात दिगंबर नावाचा आपलाच एक मराठी माणूस नंबराची वाट पाहत होता. मागच्या बाकावर कुणी लीलावतीबाई आणि त्यांचा लेक जयेश मोकळेपणाने मराठीत बोलत होते. समोर टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

“काय रे सांगतोय तो?”

“नॉर्थ मॅसेडोनियाला युरोपीय संघात जायचंय, आई. आत असलेल्या सगळ्या देशांनी हो म्हणावं लागतं. एक जरी अडला, तरी दार बंद.”

“मग कोण अडलंय?”

“आधी एक शेजारी म्हणाला, नाव बदला. बदललं. आता दुसरा अडून बसलाय.”

“अख्ख्या देशाचं नाव बदललं?”

“हो ना. आणि माझ्या-मिओच्या लग्नाला घरातले सगळे हो म्हणालेत, तू सोडून.”

“कळतात हो टोमणे.”

“ती नावसुद्धा बदलायला तयार आहे. मीरा.”

लीलावतीबाई टीव्हीकडून लेकाकडे वळल्या.

“तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘लीलावती’ लिहिलं. तोवर मी कुसुम होते. मला कुणी विचारलं नव्हतं.”

“आई…”

“तिला म्हणावं, मिओ म्हणूनच ये.”

“लीलावती-सान!” काउंटरवरून हाक आली. बाई सवयीने उठल्या. कुसुम हे नाव नुकतंच कानावर पडलेल्या दिगंबरने मान खाली घातली.

मंडळी, आज देवाचं नाव घ्याल, तेव्हा एकदा कुसुमचंही घ्या.