सरूनं मागितलेल्या दोन ओळी

आमी चऱ्होलीचे. आळंदीच्या अलीकडं, इंद्रायणीच्या काठाला. तात्या म्हंजे माझे वडील, त्यांची शेती, बाजरी, हरभरा, मळ्यात थोडा कांदा, खाऊनपिऊन बरं व्हतं आमचं, तक्रार करायसारखं काय न्हाई. तुमी म्हनाल जर्मनीला जाऊन आलेला मानूस असा कसा बोलतो, तर काय सांगू तुम्हाला, चार वर्सं जर्मन बोललो, हितं पिंपरीला कारखान्यात साहेबाशी इंग्रजी बोलतो, पन मनातलं सांगायला बसलो की तोंड चऱ्होलीलाच जातं. तुमी हाय तसंच लिवा.

गावच्या शाळेत गुरुजी व्हते. त्यांनी तात्यांना सांगितलं, ह्याला औतावर पाठवू नका, ह्याचं ध्यान भलतीकडं असतं, नांगराचं तास वाकडं जातंय. तात्या हसले, पन ऐकलं त्यांनी. मग आळंदी, मग पुन्याला बोर्डिंगात ऱ्हाऊन कालेज, बी.एस्सी. झालो, एम.एस्सी. झालो. रसायनाचा नाद लागला त्यो रंगापायी. नदीला रंगारी लुगडी धुवायला आनायचे, काही लुगड्यांचा रंग पान्यात उतरायचा आन् काहींचा कितीबी आपटलं तरी उतरायचा न्हाई. मी इचारायचो, ह्येचा का उतरत न्हाई, तर ते म्हनायचे, पोरा, पक्का हाय म्हनून. पक्का म्हंजे काय, ते कोन सांगंना. त्यो एक प्रश्न धरून मी जर्मनीपतुर गेलो म्हना.

जायच्या आदी दोन वर्सं लग्न झालं व्हतं. सरू, माझी बायको, चाकणकडच्या खेड्यातली, तिला अक्षर येत नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाली तवा आमची मंजी आठ म्हैन्यांची व्हती. नुकती बसायला लागली व्हती आन् बसल्या बसल्या एका बाजूला कलंडायची, आन् कलंडली की हसायची. निघायच्या दिशी सरू दारात येऊन म्हनली, हिला तुमचं तोंड आठवनार न्हाई. मी म्हनलं, चार वर्सं म्हंजे काय, बघता बघता जातील. असं बोलायला सोपं असतंय बघा.

आता पत्रांचं सांगतो, कारन समदं तिथंच हाय. माझं पत्र गेलं की गुरुजी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे, भोवती तात्या, चुलते, भावकी, आन् सरू आत दाराआड. तवा मी बायकोला काय लिवनार? मी खुशाल हाय, थंडी फार हाय, बर्फ पडलं. आन् उत्तर यायचं गुरुजींच्या मोत्यासारख्या अक्षरात, सर्व मंडळी खुशाल आहेत, चि. मंजुळा खेळते, इकडील काळजी नसावी. चार वर्सं आमी नवराबायको गुरुजींच्या तोंडानं बोललो.

तिकडं लढाईत पडलेली घरं अजून तशीच व्हती, निम्मी भिंत उभी आन् भिंतीला कुनाची तरी खुंटी. मी एका म्हाताऱ्या बाईच्या घरात खोली घेऊन ऱ्हायचो. तिचा ल्योक लढाईवरनं परत आला नव्हता. बाई चांगली व्हती, हिवाळ्यात माझ्यासाठी शेगडीवर वीट तापवून पायाशी द्यायची. सकाळी प्रयोगशाळेत जायचं, दिवसभर कापडाच्या चिंध्या न्‌ काचेच्या नळ्या, बोटं निळी न्हाईतर पिवळी, त्या बोटांनीच भाकरीसारखा त्यांचा काळा पाव खायचा. आमचे प्रोफेसर कडक, पन मानूस सच्चा. शेवटच्या वर्सी ते म्हनले, तुझं काम झालंय, आता लिहून काढ आन् परीक्षा दे. मला वाटलं, सुटलो.

परीक्षेला एक म्हैना व्हता. सकाळची वेळ. बाईनं खालनं हाक मारली, पोस्टमन आलाय, तुझी सही लागतीय. रजिस्टर पत्र. पोस्टमननं एक गुलाबी चिठोरी म्होरं केली, मी सही केली. पाकिटावर पत्ता इंग्रजीत, पन अक्षरं लिवलेली नव्हती, चितारलेली व्हती, रांगोळीवानी, माझ्याच जुन्या पाकिटावरनं बघून बघून काढलेली. मी जिन्यातच फोडलं.

सरूचं पत्र. सरूनं सोता लिवलेलं. आठ-दहा ओळी, काना एकीकडं मात्रा एकीकडं. मंजी गेली. दिवाळीच्या आदी. घसा धरला, घटसर्प म्हनले, पुन्याला न्यायला गाडी जुंपली ती दिघीपतुर गेली आन् तिथं ती गेली. तुम्हाला कळवायचं न्हाई असं घरात ठरलंय, शिक्षन मोडंल म्हनून. मास्तरीनबाईंनी मला लिवायला शिकवलं. तुमी या असं म्हनत न्हाई. मला दोन ओळी लिवा. मास्तरीनबाईंच्या नावानं पाठवा, त्या कुनाला सांगनार न्हाईत.

मास्तरीनबाई म्हंजे गुरुजींची बायको. नवरा ओसरीवर खुशाल लिवत व्हता आन् बायको चुलीम्होरं सरूला खरं लिवायला शिकवत व्हती. मी वर गेलो आन् दिवाळीनंतरची गुरुजींची दोन पत्रं काढून वाचली. दोन्हीत चि. मंजुळा खेळते.

घरमालकिनीनं इचारलं, वाईट बातमी का रे? मी म्हनलं, न्हाई. ती माझ्याकडं बघून आत गेली. तिला अशी पत्रं ठावं व्हती.

आता तुमी इचाराल, उत्तर का न्हाई लिवलं. बोट तीन आठवड्यांची, गेलो असतो तरी पोर काय परत मिळनार नव्हती, हे खरं. पन दोन ओळींना बोट लागत न्हाई. मी कागद घ्यायचो, चि. सौ. सरूस लिवायचो आन् पेन थांबायचं. मला वाटायचं, मंजी गेली हे आपल्या हातानं एकदा लिवलं की म्होरचं काय लिवायला हात उचलनार न्हाई, चार वर्सं पान्यात जातील. मग ठरवायचो, परीक्षा झाली की लिवू. परीक्षा झाली. तीन प्रोफेसर म्होरं बसले, तासभर इचारत व्हते, मी एकाबी उत्तराला अडखळलो न्हाई. आजबी मला त्येचं नवल वाटतं, आन् लाजबी.

तिथं रीत हाय, डॉक्टर झालेल्याला बरोबरची पोरं पुठ्ठ्याची उंच टोपी घालत्यात, फुलं लावलेल्या हातगाड्यात बसवत्यात आन् गावातनं वढत नेत्यात. मलाबी नेलं. लोक दुकानातनं भाईर येऊन टाळ्या वाजवत व्हते, एका बाईनं आपल्या पोरीला उचलून धरलं मला बघायला. आन् मी हात हालवत व्हतो. पत्र कोटाच्या आतल्या खिशात व्हतं.

त्याच्यानंतर मी म्हनलं, आता जातोच हाय, भेटल्यावर बोलू.

चिंचवड ठेसनाला उतरलो तर तात्या बैलगाडी घेऊन आलेले. तात्या चार वर्सांत वाकले व्हते. गाडी गावाभाईर पडल्यावर ते म्हनले, बाळा, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. आन् त्यांनी सांगितलं, आन् म्हनले, तुझ्या भल्यासाठी लपवलं, आमाला माफ कर. मी रडलो. रडू खरं व्हतं, पन अचंबा खोटा व्हता. म्हातारा माझ्या पाठीवरनं हात फिरवत व्हता, आन् मी त्यो फिरवून घेतला.

दुसऱ्या दिशी दुपारी सरू परसात बाजरी निवडत बसली व्हती. घरात कोन नव्हतं. मान वर न करता तिनं इचारलं, माझं पत्र पावलं व्हतं का? मी म्हनलं, कसलं पत्र? न्हाई बा. लांबचं पोस्ट, हरवलं असंल. ती म्हनली, बरं. आन् खडे काढत ऱ्हायली.

म्होरं पिंपरीला रंगाच्या कारखान्यात मला नोकरी लागली. फाळणीतल्या निर्वासितांच्या कॅम्पाच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या, शेजारी समदी सिंधी मंडळी, घरंदारं टाकून आलेली. सरू बोलायची, रांधायची, कशात कमी केलं न्हाई तिनं. पन घरात असून ती घरात नसायची. मला वाटायचं, लेकरू गेलंय, व्हतंय असं. दुसरं मूल काय झालं न्हाई आमाला.

गेल्या वर्सी कारखान्यात माझ्या दाखल्याची नक्कल मागितली, घरातली कागदं सरूच्या ट्रंकंत असायची, म्हनून मी ती उघडली. तळाला, मंजीच्या झबल्याखाली, त्यो गुलाबी कागूद. जर्मनीचा शिक्का आन् खाली माझी सही. पावल्याची पोच व्हती ती, मी सही करून दिल्याली, मास्तरीनबाईंच्या पत्त्यावर परत आल्याली.

मी म्हनलं, ही कवापास्नं हाय तुझ्याकडं? ती म्हनली, तुमी यायच्या आदीपास्नं. मी म्हनलं, मग पत्र पावलं का म्हनून मला कशापायी इचारलंस? तर ती म्हनली, तुमी काय म्हनता ते बघायचं व्हतं.

मग मी समदं सांगितलं. जिना, कागद, हातगाडा. शेवटी येवडंच इचारलं, गाड्यात बसल्यावर हसला व्हता का तुमी? मी म्हनलं, व्हय, हसलो व्हतो. तिनं पोच घेतली, घडी घातली आन् व्हती तिथं ठेवली.

तवापास्नं आमच्यात खोटं न्हाई. पन खोटं नसलं म्हंजे समदं बरं झालं, असं न्हाई हां. माझ्या दारावर पाटी हाय, नावाम्होरं डॉक्टर. ती बघून कॅम्पातल्या बाया आजारी लेकरं घेऊन येत्यात. मी पयले सांगत बसायचो, मी त्यो डॉक्टर न्हवं, रंगाचा हाय, तरी त्या लेकरू म्होरं करायच्या. आता सरू मला बोलूच देत न्हाई. पदर खोचती, लेकरू काखंत घेती आन् त्या बाईला संगं घेऊन तडक दवाखान्यात जाती. तिथला चिठ्ठीचा फारम ती सोता भरती, अक्षर आता चांगलं सरळ झालंय तिचं. परवा शेजारच्या बाईचं तान्हं तापानं फनफनलं व्हतं, त्येला नेलं, दुपार टळल्यावर परत आली, उंबऱ्यात बसली आन् म्हनली, उतरला ताप. मी च्या करून दिला. तिनं घेतला. येवडंच आमचं चाललंय. ते लेकरू मोठं व्हऊ द्या, शंभर वर्सं जगू द्या, दुसरं काय मागू मी.