डाव्या पायाचा पट्टा

हॅलो?… हो, मीच. बोल, पण पटकन. समोर मॅटवर एक पोरगं आडवं आहे आणि त्याची आई माझ्याकडे डोळे वटारून बघतेय… काय? चिमीला पैकीच्या पैकी?

अगं, ते मार्क नाहीत! पायाला बांधायचे दोन पट्टे आहेत ते, घड्याळाहून स्वस्त. कुठला पाय किती हलला, एवढंच स्क्रीनवर रेघ काढून सांगतात… हो, दोन्ही रेघा सारख्या आल्यात, बघितल्या मी. म्हणूनच सकाळपासून फोन लावतेय तुला… काय? नवऱ्याने ग्रुपवर टाकल्या? आणि लोकांनी टाळ्या पाठवल्या?… धन्य आहे. आठ महिन्यांच्या पोरीच्या लाथांना टाळ्या!

आणि सासरे काय म्हणाले?… 'आमच्या घराण्याचे पाय'? हो का! सोफ्यावरून उठून स्वतःचं पाणी न घेणारं घराणं ते!… हसू नकोस, मी चेष्टा करत नाहीये.

ऐक ना… अगं ऐक. मागच्या आठवड्यापर्यंत डावी रेघ उजवीच्या निम्मीसुद्धा नव्हती. आणि परवापासून एकदम जुळ्या बहिणी? उजवी थांबली की डावी थांबते, उजवी उसळली की डावीही उसळते. बाळ आहे ते, कवायतीची पलटण नाही! दिवसभर पोरांचे हातपाय हलवून घेते मी, हेच माझं काम. कुठल्याच बाळाचे दोन पाय असे हलत नाहीत… नाही, बिघडलेले नाहीत. स्वस्त आहेत, पण तुमच्या घरापेक्षा प्रामाणिक आहेत. दोन्ही पट्टे एकाच पायाला बांधलेत. उजव्या.

कोणाची ही अक्कल? सासूबाईंची ना? त्यांना नात पाळण्यातच पास झालेली हवी… नाही? मग तुझ्या नवऱ्याची. त्या शहाण्याला स्वतःच्या मोज्यांची जोडी लावता येत नाही… त्याचीही नाही? मग काय पट्टा आपण होऊन चालत गेला?

हॅलो?… आहेस ना?

…तू?

बोल ना. थांब… ताई, तोवर त्याला कुशीवर घ्या, आलेच मी… हं, बोल.

'रोज ती बुटकी रेघ बघवत नव्हती.' म्हणून उंच केलीस. वा! ताप उतरेना म्हणून थर्मामीटर गार पाण्यात बुडवलास. आणि मी येडी, पहिल्या दिवशी आनंदाने खुर्चीतून उठले होते.

रडू नकोस. रडून पाय हलत नाही… चिडू नको तर काय, कौतुक करू? अगं, हेच महिने आहेत. आत्ता व्यायाम सुरू केले तर तो पाय शिकेल. या खोट्या रेघा बघत आपण वर्ष काढलं असतं, आणि मग ती लंगडायला लागल्यावर काय बांधणार होतीस तिच्या पायाला?

हो… हो गं. मलाही वाटते भीती. मावशी ना मी तिची? माझी काय कोणीच लागत नाही का ती?

ऊठ. तो जास्तीचा पट्टा काढ. डाव्या पायाला बांध, आत्ता, फोन चालू ठेवून… इतका घट्ट नको, रडेल… बांधलास? थांब, मला इथे स्क्रीनवर दिसतंय… सपाट… अजून सपाट… अरे वा! एवढी उंच?

तू हलवलास ना पाय?

'जरासाच'! हात बाजूला घे. दुसराही घे. दोन्ही हातांनी फोन धर… खुळखुळा नको. नुसती बोल तिच्याशी, डाव्या बाजूने… तेच बोल, रोज बोलतेस तेच…

हं…

हं…

आली! इवलीशी आहे, पण आली बघ. ही तिची स्वतःची.

उद्या सकाळी चिमीला आणि हीच रेघ घेऊन ये माझ्याकडे… ग्रुपवर काय सांगायचं? खड्ड्यात गेला तुमचा ग्रुप. ठेव फोन.