त्रेचाळीस नंबरच्या दोन एतेला

साबिना : सही तुमचीच आहे ना, मावशी? इथे खाली. नीट बघा.

फाबाय : त्यात बघायचंय काय? माझीच. मला तेवढं एकच लिहिता येतं. आधी ते दार लाव. जीप हापशावर उभीच आहे ना?

साबिना : आहे. दोघंही पोलीस आत बसलेत.

फाबाय : परवापासून हलली नाही मेली. पाण्याला जायची कुणाची छाती होत नाही वस्तीत. हळू बोल.

साबिना : परवा काय विचारलं त्यांनी?

फाबाय : बुटांसकट आत शिरले. ‘एतेला चोंकोव्हा कोण?’ म्हटलं, मी. ‘तुझा देझो लाकडांच्या ढिगावरून पडला, तेव्हा तू तिथे होतीस?’ नव्हते साहेब. ‘म्हणजे तू काही पाहिलं नाहीस.’ नाही पाहिलं. खरं तेच सांगितलं की! मी इथे मारिकलीच्या भाकऱ्या भाजत होते. बाहेर आले तर पोराला जीपमध्ये कोंबत होते. सही कर म्हणाले, केली.

साबिना : मावशी, आमच्या संस्थेनं कोर्टात एकच साक्षीदार दिली होती. एतेला चोंकोव्हा, घर नंबर त्रेचाळीस. आता हा कागद पुढे ठेवतील, की बघा, तुमची साक्षीदारच म्हणते मी काही पाहिलं नाही. आज अकराला सुनावणी आहे. देझोनंच पोलिसांवर हात उचलला असं लिहिलंय त्यांनी. तीन वर्षं आत जाईल तो.

फाबाय : तीन वर्षं! अगं, मग माझं नाव दिलंस कशाला? मी पाहिलं असं तुला कधी म्हटलं होतं मी?

साबिना : तुमचं नाव नाही दिलं, मावशी.

फाबाय : माझं नाही तर कुणाचं? एतेला चोंकोव्हा, त्रेचाळीस नंबर, म्हणजे… थांब. पापिनचं?

साबिना : हो.

फाबाय : माझ्या जावेचं. अगं बाई! कागदावर तीही एतेलाच. दोन भावांना दोन एतेला म्हणून लग्नात पाद्री हसला होता. त्यानंतर त्या नावानं आम्हाला कुणी हाक मारलीये का? मी फाबाय, ती पापिन. नंबर तर वस्तीतल्या आठही घरांना एकच.

साबिना : चूक माझी आहे. जन्मतारीख घालायला हवी होती. मीही तुमच्यासारखी रोमाच, मला हे कळायला हवं होतं. पण मी शहरात वाढले. घरात आणि कागदावर माझं नाव एकच.

फाबाय : म्हणजे पापिननं पाहिलं? तीन आठवडे रोज माझ्या चुलीशी बसते, माझी कॉफी पिते. एक शब्द नाही?

[मागच्या दारानं पापिन आत येते.]

पापिन : जाऊबाई. मी ऐकलं सगळं. भिंत पातळ आहे.

फाबाय : परवाही पातळच होती ना?

पापिन : परवाही ऐकलं. ‘एतेला चोंकोव्हा कोण?’ मी तोंड दाबून बसले. तुम्ही ‘मी’ म्हणालात, आणि मला बरं वाटलं, जाऊबाई. बरं वाटलं मला.

फाबाय : लाज नाही वाटत सांगायला?

पापिन : वाटते. पण माझी थोरली… या साबिनाच्या खटपटीनं यंदा गावातल्या शाळेत घेतलं तिला, वस्तीबाहेरच्या गाजोंच्या मुलांत. तिची बस हापशावरून सुटते. परवा जीपमधल्या त्या उंच पोलिसानं तिच्याकडे बघून हात हलवला. नुसता हात हलवला.

फाबाय : बस. खाली बस आधी.

साबिना : पापिनताई, तुझ्यावर जबरदस्ती नाही. पण साडेनऊची बस चुकली, तर अकराला पोचणार नाही आपण.

फाबाय : ती कुठे जात नाही. मी जाते.

साबिना : तुम्ही?

फाबाय : नाव तेच, नंबर तोच. सांगेन, परवा घाबरून खोटं बोलले साहेब, मी सगळं पाहिलं.

साबिना : मावशी, ही खोटी साक्ष झाली. कळलं तर तुम्हीही आत जाल.

फाबाय : जन्मतारीख विसरलीस ना? तसं हेही विसर. पापिन, काय पाहिलंस ते सांग. मी पाठ करते.

पापिन : नको, जाऊबाई.

फाबाय : सांग म्हणते ना!

पापिन : मी कपडे वाळत घालत होते. देझो लाकडं घेऊन आला. जीप थांबली.

फाबाय : लाकडं घेऊन आला. जीप थांबली. पुढे.

पापिन : त्यांनी लाकडांची पावती मागितली. देझोनं खिशातून काढली. हातात होती त्याच्या.

फाबाय : पावती हातात होती. पुढे.

पापिन : उंच पोलिसानं दांडका मारला. कोपरावर. आवाज आला.

फाबाय : कसला?

पापिन : हाडाचा.

फाबाय : दांडका मारला. कोपरावर. पुढे.

पापिन : तो पडला. मग दोघं मिळून लाथा घालायला लागले. तो तुमच्या दाराकडे बघत होता. ‘आई, बाहेर येऊ नकोस,’ म्हणाला. दोनदा.

फाबाय : मला नाही ऐकू आलं.

पापिन : मोठ्यानं नव्हताच म्हणत.

फाबाय : रेडिओ चालू होता गं. मी रेडिओ लावला होता.

साबिना : मावशी, पाणी घ्या.

फाबाय : नको. मी म्हणून बघते. लाकडं घेऊन आला. पावती हातात होती. दांडका… कोपरावर… तो म्हणाला… तो… नाही गं. नाही म्हणवत माझ्याच्यानं.

पापिन : साबिना, बस हापशावरच थांबेल ना?

साबिना : हो. जीपच्या समोरच. मलाही भीती वाटतेय. पण मी तुझ्या शेजारी असेन.

पापिन : जाऊबाई, तुमची शाल द्या. माझी ओली आहे.

फाबाय : पापिन, अजून विचार कर. माझ्याकडे नको बघू, थोरलीचा विचार कर.

पापिन : तिची बस चारला येते. तोवर आपण तिघीही कोर्टातून परत येऊ. आल्यावर तुम्ही हापशावर उभ्या राहाल?

फाबाय : राहीन. तीनलाच जाऊन उभी राहीन. बघू दे मेल्यांना. थांब, शाल नीट बांधू दे. सुटायला नको.

पापिन : जाऊबाई, तिथे एतेला चोंकोव्हा म्हणून पुकारतील.

फाबाय : हं.

पापिन : तेव्हा तुम्ही उठू नका. मी उठते.