झाकणाची कडी

(उरालच्या पायथ्याचा रणगाड्यांचा कारखाना. १९४२ चा डिसेंबर, सकाळची पाळी. एका नव्या रणगाड्याच्या बुरुजावर तिघं जण चढले आहेत: फिटरचं काम करणारी फेक्ला तिखोनोव्ना, गाडी ताब्यात घ्यायला आलेला लेफ्टनंट पोलूनिन, आणि बुरुजाचे मुख्य अभियंते वेन्यामिन ओसिपोविच तारखोव. वरचं जाडजूड झाकण उघडं आहे. त्याची कडी अजून बसवलेली नाही, ती फेक्लाच्या हातात आहे.)

फेक्ला: आला मोठा शहाणा! आधी स्वतःची विजार सांभाळ, मग माझ्या कडीला नावं ठेव. सुतळी बांधून फिरतोय, लेफ्टनंट म्हणे!

पोलूनिन: मावशी, सुतळी वेळेला सुटते तरी. तुमची ही कडी सुटत नाही, तेच तर रडगाणं आहे.

तारखोव: कॉम्रेड लेफ्टनंट, शेवटचं सांगतो. कडीचा अडकायचा दात घासून मिळणार नाही. झाकण बंद झालं की कडी आपोआप अडकली पाहिजे, असा आदेश आहे. तिखोनोव्ना, बसव ती.

पोलूनिन: मावशी, हात लावू नका.

फेक्ला: एक म्हणतो बसव, एक म्हणतो नको. मी काय घड्याळाचा लंबक आहे? जेवणाच्या भोंग्याला लष्कराचा तपासनीस येईल आणि माझ्या नावाने शंख करेल. काय ते ठरवा.

पोलूनिन: वेन्यामिन ओसिपोविच, मागच्या अंगणात तुम्ही जर्मनांची पकडलेली गाडी खोलून ठेवलीय. मी सकाळी बघून आलो. आत पाच माणसं बसतात. बाहेर पडायला दारं किती?

तारखोव: मला मोजून दाखवायची गरज नाही.

पोलूनिन: ज्याच्या त्याच्या डोक्याशी दार. शेजारी इंग्रजांची उभी आहे. तसली मी चालवलीय. तोफ म्हणजे पोरांची पिचकारी, पण वरची दारं हलकी, दोन फळ्यांची. अमेरिकनांच्या गाडीत तर बसायला खरं चामडं! आमच्या पोरांनी गाद्या कापून बूट शिवले.

फेक्ला: एक पट्टाही शिवायचा होतास मेल्या.

पोलूनिन: शिवला होता. तो जळला. वेन्यामिन ओसिपोविच, जर्मनांच्या पोलादाची जाडी तुम्ही मोजली, त्यांच्या दुर्बिणीची भिंगं काढून बघितली. दारं तेवढी दिसली नाहीत?

तारखोव: दार म्हणजे चिलखताला पाडलेलं भोक. एक भोक वाढलं की कापणं वाढतं, बिजागऱ्या वाढतात, माणसं वाढतात. जर्मन एक गाडी घासूनपुसून फाटकाबाहेर काढतो, तेवढ्यात आमच्या कितीतरी निघतात. म्हणून तो अजून व्होल्गा ओलांडून इथे आलेला नाही. दोन फळ्यांच्या झाकणाचा आराखडा मी उन्हाळ्यातच मॉस्कोला पाठवलाय. मंजुरी आली की करू.

पोलूनिन: आणि तोवर?

तारखोव: ही गाडी दोन लढाया टिकेल, अशा बेताने आम्ही ती बनवतो. खोटं कशाला बोलू?

पोलूनिन: आणि आतली माणसं किती टिकतील, याचाही काही बेत आहे का?

फेक्ला: अरे, जरा हळू बोल. तो वरचा क्रेनवाला कान टवकारून बसलाय.

पोलूनिन: ऐकू दे त्याला. मावशी, माझे हातमोजे ओढा जरा. माझी बोटं वळत नाहीत.

फेक्ला: बघू... अगं आई गं! हे काय रे पोरा? ही बोटं आहेत?

पोलूनिन: होती. व्होरोनेझजवळ, जुलैत. आम्ही झाकणाची कडी तारेने मागे बांधून ठेवायचो. सगळेच ठेवतात. त्या दिवशी पहाटे तपासणी आली. हातात यांचाच आदेश, कडी बांधणाऱ्यावर खटला भरू म्हणाले. तार काढायला लावली. दुपारी बुरुजाच्या कडेला गोळा बसला. चिलखत फुटलं नाही. मानलं तुम्हाला, नाही फुटलं. पण झाकण हललं आणि कडी वाकून बसली ती बसलीच. मागून इंजिन पेटलं.

तारखोव: चालकाचं दार होतं की पुढे.

पोलूनिन: होतं. चालक लुक्यान त्या दारातच मरून पडला होता. दुसरा गोळा त्याच्या अंगावरच आला. डोकं नव्हतं. मी त्याला पुढे ढकलत, त्याच्याच अंगावरून सरपटत बाहेर पडलो. रेडिओवाला माझ्या मागून आला, त्याला बाहेर मशीनगनने टिपलं. आत राहिला बाग्रात. तो गोळे भरायचा. त्याची मांडी मोडून हाड बाहेर आलेलं. त्याला सरपटता येईना. त्याच्या डोक्यावर हे झाकण, फक्त हे.

फेक्ला: पुरे रे बाबा.

पोलूनिन: मी बुरुजावर चढलो. तापून तव्यासारखा झालेला. या हातांनी झाकण उपसत होतो. कातडी तिथेच चिकटून राहिली. तो आतून हातोडीने ठोकत होता, मी बाहेरून ओढत होतो. मधे फक्त तुमची कडी, वेन्यामिन ओसिपोविच. तो आईला हाका मारत होता, आर्मेनियन भाषेत. मग किंचाळला. मग गोळे फुटायला लागले आणि मला कुणीतरी पाय धरून खाली ओढलं.

तारखोव: ...ती कडी मी उगाच नाही केली.

पोलूनिन: मग कशाला केली?

तारखोव: तिखोनोव्नाला विचारा. गेल्या जानेवारीत मॉस्कोच्या आघाडीवरून एक गाडी ओढून आणली. चिलखतावर ओरखडा नाही. आम्हाला वाटलं, इंजिन बिघडलं असेल.

फेक्ला: नको ना ते.

तारखोव: सांग त्याला.

फेक्ला: काय सांगू! झाकणाला कडी नव्हती. जर्मन पोरगं वर चढलं असणार, झाकण उचललं आणि हातबॉम्बची मोळी आत टाकली. रेल्वेने इथवर येईतो सगळं गोठून भिंतींना बसलेलं. शेगड्या लावून आधी वितळवावं लागलं. मग मी आणि हे, दोघांनी खरवडलं. कुणाचं काय ते कळत नव्हतं. एका बुटात पाय होता, तेवढा ओळखू आला. दुसऱ्या कुणाला उतरवेना आत. हे मुख्य साहेब असून उतरले, ते मी बघितलंय.

तारखोव: त्याच आठवड्यात कडी काढली कागदावर. मला वाटलं, आता कुणी आत बॉम्ब टाकू शकणार नाही. तेवढं खरंही झालं.

पोलूनिन: झालं. आता पोरं बाहेरच्या बॉम्बने मरत नाहीत. आतल्या आत भाजतात.

तारखोव: तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? पण दात घासला की झाकण नुसतं ठेवल्यासारखं राहील. पुन्हा कुणीतरी उचलेल. एक मरण टाळायला दुसरं देऊ?

पोलूनिन: म्हणून तर पट्टा लागतो. तुमचा पट्टा द्या.

तारखोव: काय?

पोलूनिन: कमरेचा. खरं चामडं दिसतंय. आम्हाला कोठारातून सुती पट्टी देतात, ती ठिणगीने जळते. द्या हो, खाऊन टाकत नाही.

फेक्ला: द्या द्या. आज माझ्या नशिबात विजारी बघायच्याच आहेत.

तारखोव: ...घ्या.

पोलूनिन: मी आत उतरतो. मावशी, झाकण लावा. कडी नाही, काही नाही. मी पट्टा झाकणाच्या मुठीत ओवला, इथून गोळ्यांच्या फडताळाच्या आकड्याखालून घेतला, टोक मनगटाला गुंडाळलं. ऐकू येतंय?

फेक्ला: येतंय. पिंपातून बोलल्यासारखं.

पोलूनिन: आता तुम्ही जर्मन. घाला पहार आणि उचला.

फेक्ला: अस्सं? थांब, दाखवते तुला जर्मन... हं... हं! अरे, हलत नाही की! मुख्य साहेब, तुम्ही पण लावा जोर. विजार सोडा हो, कोण बघतंय!

तारखोव: ...नाही उठत.

पोलूनिन: अजून ओढा!

तारखोव: उठत नाही म्हणतोय ना!

पोलूनिन: बरं. आता मी मेलो.

फेक्ला: अगं बाई! उघडलं! अशी पडले असते ना खाली!

पोलूनिन: मेलेला माणूस हात सोडतो, वेन्यामिन ओसिपोविच. मी मेलो तर पट्टा सैल पडतो आणि माझ्या बाजूचा माणूस झाकण ढकलून बाहेर पडतो. तुमची कडी कुणी मेलं तरी सोडत नाही. एवढंच सांगायला मी हॉस्पिटलातून सरळ इथे आलोय.

तारखोव: पट्टा बांधणं ठाऊक आहे मला. तेही बंद करा म्हणून मीच लिहिलं होतं. बेशिस्त वाटली. असं करून कुणी दाखवलं नव्हतं.

पोलूनिन: आता बघितलंत. मग घासू द्या दात. कडी जागेवर दिसेल, पण अडकणार नाही. तारही नको आणि तपासणीवाल्याला काढायला काही सापडायलाही नको.

तारखोव: नाही. या गाडीची तर मुळीच नाही.

पोलूनिन: या गाडीने काय घोडं मारलंय तुमचं?

फेक्ला: सांगा ना त्याला.

तारखोव: तिखोनोव्ना!

फेक्ला: तुम्ही नाही सांगत तर मी सांगते. पोरा, तुझ्या गाडीत गोळे कोण भरणार आहे?

पोलूनिन: इथल्याच ओतकामातला एक जण. सावा म्हणतात त्याला. आडदांड आहे. कालच ओळख झाली.

फेक्ला: सावा ओसिपोविच तारखोव. यांचा धाकटा भाऊ. कारखान्यातल्यांना लढाईतून सूट असते, ती सोडून आघाडीवर निघाला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

पोलूनिन: ...मला त्याने आडनाव सांगितलं नाही.

तारखोव: सांगणार नाही. माझी लाज वाटते त्याला. आता कळलं? माझ्या सहीने रोज झाकणं जातात, कडीसकट. त्यांच्याखाली कुणाकुणाचे भाऊ बसतात. आणि माझा भाऊ बसला की मी दात घासायचा? कुठल्या तोंडाने? कुणी चुगली केली तर घातपात म्हणून भिंतीशी उभा करून गोळ्या घालतील मला, त्याचं एक वेळ काही नाही. पण ते म्हणतील, याला सगळं कळत होतं, भावाची वेळ येईपर्यंत गप्प बसला. आणि ते खरं असेल.

पोलूनिन: बाग्रातलाही भाऊ आहे. येरेवानला. मी अजून त्याला कळवलेलं नाही. काय सांगू? तुमचा भाऊ घासलेल्या कडीखाली वाचला, तर मी काही तुमच्यावर थुंकणार नाही. मी त्याच्या शेजारीच बसणार आहे. मला पुन्हा ती हातोडी ऐकायची नाही. बास.

फेक्ला: ऐका माझं. त्या बुटातला पाय आठवतो ना तुम्हाला? मलाही आठवतो. तेव्हा नाही विचारलंत, कुणाचा भाऊ म्हणून. खाली उतरलात आणि खरवडलंत.

तारखोव: ...आण इकडे कडी.

फेक्ला: बसवू?

तारखोव: घास. आतल्या बाजूने, तिरका. वरून बोट फिरवलं तर दात लागला पाहिजे हाताला. तपासनीस बोट फिरवतो. भोंगा व्हायच्या आत.

फेक्ला: आत्ता करते. ग्राइंडर तापलेलाच आहे. कान झाका.

पोलूनिन: वेन्यामिन ओसिपोविच, तुमचा पट्टा.

तारखोव: राहू दे तुझ्याकडे. सावाला दे.

पोलूनिन: तो घेईल?

तारखोव: बघितल्याबरोबर ओळखेल. आमच्या बाबांचा आहे. याने आम्हा दोघांनाही बडवलंय, त्यालाच जास्त. मनगटाला कसा गुंडाळायचा ते दाखव त्याला. त्याला वाटतं, नुसत्या ताकदीने सगळं होतं.

पोलूनिन: आणखी काही सांगू?

तारखोव: सांग... नको. काही नको. पट्टा दे, पुरे. आणि स्टेशनवर बाकीच्या गाड्यांच्या पोरांनाही दाखव, आत्ता मला दाखवलंस तसं. पट्टे मिळतील तिथून मिळवा.

पोलूनिन: बाकीच्यांना कशाला? त्यांच्या कड्या तर धडधाकट आहेत.

फेक्ला: झालं! हे घ्या, बोट फिरवा. लागतोय दात? आणि आता झाकण लावून बघा, अडकतंय का. नाही ना? मेलेल्या कुत्र्याच्या दातासारखा झालाय, दिसतो पण चावत नाही.

पोलूनिन: मावशी, तुमच्या हातचं जेवायला परत येईन.

फेक्ला: बटाट्याची सालं उकडून ठेवते. जा, गाडी हलव. आणि ही तुझी सुतळी इथेच पडली की! विजार?

पोलूनिन: रेल्वेच्या डब्यापर्यंत हाताने धरतो. वेन्यामिन ओसिपोविच, येतो.

तारखोव: ये.

फेक्ला: गेला. चांगला आहे हो पोरगा, तोंडाने तेवढा फाटका... मुख्य साहेब, पुढचं झाकण आलं क्रेनवर. याच्यात तुमचं कोणी नाही ना?

तारखोव: कोण आहे, मला माहीत नाही.

फेक्ला: मग कडी?

तारखोव: घासून लाव. आणि ती सुतळी दे इकडे.